वटवाघळांच्या चिंचेला मी आग लावली

पहिलं वटवाघूळ मी मोगरीनं मारलं. नुकतं उजाडलं होतं आणि मी कपडे धुवायला कालव्यावर निघाले होते, म्हणून हातात मोगरी होती. पेरूवर टाकलेल्या नायलॉनच्या जाळीत ते पंखांसकट गुंतलं होतं आणि सुटायच्या धडपडीत पंखाचं कातडं टरटर फाटत होतं. मांजराएवढं अंग, कुत्र्यासारखं तोंड, मानेभोवती तांबूस केस. मी जवळ गेले तसं ते किंचाळलं. मी दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला ते गप्प झालं, पण तोंड उघडंच राहिलं आणि आत पेरूचा गर दिसला. माझ्याच झाडाचा. तो गर बघून मला इतका राग आला की मेलेल्याला मी आणखी तीन-चार घाव घातले.

हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे झालं ते त्याच रागातून झालं, आणि त्यात मी कुठं चांगली दिसत नाही.

आमचं शेत ढाणकीच्या अलीकडं, कालव्याला लागून. नवरा बसवर ड्रायव्हर, चार दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी. त्यामुळं पेरूची दीड एकर बाग माझीच म्हणायची. खड्डे मी खणून घेतले, रोपं मी लावली, पहिल्या उन्हाळ्यात डोक्यावर घागरी वाहून ती मी जगवली. तीन वर्षांनी फाल्गुनात फळ धरलं आणि त्याच महिन्यात वटवाघळं यायला लागली. सकाळी झाडाखाली जावं तर अर्धी खाल्लेली फळं, फांद्यांचे तुकडे, आणि रस चोखून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या. गोळीवर दातांचे वळ उमटलेले असत. मी त्या गोळ्या पायानं चिरडायची.

बाजारातल्या दुकानदारानं जाळी दिली. "ताई, एकही फळ नाही जाणार," म्हणाला. तीन-चार वर्षांआधी रोगराईत सगळे घरात कोंडले होते, तेव्हापासून वटवाघूळ म्हटलं की लोक तोंडाला पदर लावत. त्यामुळं मी मारते हे कोणाला वाईट वाटलं नाही. शेजारच्या बांधावरचा शेतकरी तर रोज विचारायचा, "आज किती गावले?"

मारायची सवय होते. पहिल्या आठवड्यात मी डोळे मिटून घाव घालायची, दुसऱ्या आठवड्यात उघडे ठेवून. एके दिवशी एक मादी गुंतली होती. तिला मारून विळ्यानं जाळी कापली, तर तिच्या छातीला पिल्लू चिकटलेलं. डोळे उघडे, अंगावर नीट केसही नव्हते. मेलेल्या आईचं दूध ते ओढत होतं. त्याला मी ओढून काढलं आणि कालव्यात फेकलं. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मग घरी जाऊन मी चहा केला आणि प्यायले.

चार दिवसांनी एकानं मला चावलं. अंगठ्याच्या नखातून दात आरपार. नवरा त्या दिवशी घरी होता. मोटरसायकलवर बसवून त्यानं मला उमरखेडच्या दवाखान्यात नेलं. कुत्र्याच्या चाव्याला देतात तीच इंजेक्शनं, चार-पाच वेळा यायला सांगितलं. परत येताना तो म्हणाला, "अवं, काढून टाक ते जाळी. दोन टोपले पेरू गेले तं काय मरतो का आपण?"

"तुम्ही नका सांगू. तुम्ही कधी पाणी दिलं त्या झाडाले?"

त्याला भांडण येत नाही. मला येतं, आणि समोरचा भांडत नसला की मला आणखी राग येतो.

त्या संध्याकाळी मी मोटरीच्या खोलीच्या स्लॅबवर चढून बसले. ठणकणारा अंगठा धरून. सूर्य बुडाला, झाडं काळी झाली, आणि बंजाऱ्यांच्या तांड्याच्या बाजूनं वटवाघळं येताना दिसली. एकामागून एक, घाई नाही, पंख हळू हलवत. मी दिशा धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी चालत गेले. अर्ध्या तासाच्या वाटेवर तांडा, आणि तांड्याच्या शेवटच्या घरामागं तीन जुन्या चिंचा. दिवसाउजेडी प्रत्येक फांदीला ती लटकलेली. काही पंखानं वारा घेत होती, काही एकमेकांना ढकलत कचकच करत होती. खाली जमीन पांढरी-काळी झालेली आणि नाक जळेल असा वास.

ते घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. तांड्यात तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याकडं कामाला. एक गाय, सहा-सात शेळ्या आणि ती. तिला मी बाजारात पाहिलं होतं, बोलले नव्हते.

आग लावायला मी दुपार निवडली. तांड्यातल्या एका घरी लग्न होतं, वऱ्हाड सकाळीच ट्रॅक्टरनं गेलं होतं, आणि उरलेले शेतात. मी एकटी गेले. हातात मोटरीसाठी आणलेल्या डिझेलची बाटली. वाटेत असं वाटलं होतं की पालापाचोळा गोळा करावा लागेल. पण याडीनं वर्षभराच्या जळणासाठी पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, मोठा ढीग पहिल्या चिंचेजवळच रचून ठेवला होता. मी पेंढ्या ओढून दोन बुंध्यांना लावल्या, डिझेल ओतलं आणि काडी टाकली.

वाळलेली पऱ्हाटी कशी पेटते हे शेतकऱ्याच्या बायकोला सांगायला नको. जाळ एकदम खालच्या फांद्यांपर्यंत गेला. वर क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळं झाड उठलं. शेकड्यांनी वटवाघळं एकदम हवेत, आणि तो आवाज, तो मला अजून सांगता येत नाही. बाजारात भांडण लागतं तेव्हा सगळे एकदम ओरडतात, तसा. पण माणसांचा नाही. उन्हात त्यांना काही सुचत नव्हतं. तांड्यावरून विजेची मोठी लाइन गेली आहे. ती तारांवर आपटली. एका तारेवर पाय आणि दुसरीवर पंख टेकला की निळी ठिणगी उडे, फाट असा आवाज येई, आणि ते तिथंच चिकटून धुमसत राही. घारी कुठून आल्या कोण जाणे. त्यांनी हवेतच माद्या धरल्या. माद्यांच्या छातीवरची पिल्लं सुटून खाली पडत होती. काही जाळात, काही माझ्या पायाशी.

मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. पण मला बरं वाटत होतं, हे आठवतं.

याडी घरात झोपली होती. ती धावत आली आणि पहिल्यांदा झाडाकडं नाही, माझ्याकडं आली. माझा दंड धरून ओढला. "मत मार! मत मार, बाई! माहं घर हाय इथं!"

माझ्या हातात पेंढ्या सारायला घेतलेलं बाभळीचं दांडकं होतं. मी हात सोडवायला नाही, मारायलाच उगारलं. ते मला पक्कं माहीत आहे. नंतर तांड्याच्या बैठकीत मी म्हणाले की झटापटीत लागलं. ते खोटं होतं. तिच्या उजव्या मनगटावर मी दांडकं घातलं. हाड मोडल्याचा आवाज जाळाच्या आवाजातही ऐकू आला.

ती खाली बसली. मनगट मांडीवर धरून माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात वारं फिरलं आणि ठिणग्या तिच्या कुटाराच्या ढिगावर गेल्या. सोयाबीनचं कुटार, गाईचं वर्षभराचं खाणं. ते भसकन पेटलं. पलीकडं शेळ्या बांधलेल्या. याडी उठली, मोडका हात छातीशी धरला आणि डाव्या हातानं एकेक दावं सोडायला लागली. गाठ डाव्या हातानं सुटेना, तर दातानं सोडली. गाय हंबरत गोल फिरत होती. मी उभी होते. दांडकं हातात तसंच. एक पाट, म्हणजे कोवळी शेळी, शेवटी राहिली, तिच्यापर्यंत याडी पोचली नाही. त्या शेळीनं जे केलं ते मी लिहीत नाही.

धूर बघून शेतातल्या बायका धावल्या. कोणी आग विझवायला लागल्या, आणि चार-पाच जणी माझ्यावर आल्या. चपलांनी, मुठींनी, खुरप्याच्या मुठीनं. केस धरून मला फरफटत नेलं. माझे दोन दात हलले, कान फाटला. मी हात वर केला नाही. शहाणपण सुचलं म्हणून नाही. अंगात काही उरलंच नव्हतं. एकीनं विचारलं, "काय घोडं मारलं होतं आम्ही तुहं?"

नवऱ्याला फोन गेला. तो आला तेव्हा मी तांड्याच्या पाराजवळ बसलेले, तोंड सुजलेलं. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "काय केलं वं हे?" मग तो थेट याडीकडं गेला, तिला उचलून कोणाच्या तरी गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मलाही नेलं. एकाच बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, मध्ये तो.

तिच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या, जुन्या वळणाच्या बायका घालतात तशा. मनगट सुजून त्या रुतल्या होत्या. कंपाउंडरनं कटरनं एकेक कापून काढली. हाड मोडलं तेव्हा जी ओरडली नाही, ती बांगड्या कापताना तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिली. खालचं कातडं निराळ्याच रंगाचं होतं, लहान मुलाच्या हातासारखं.

तिसऱ्या दिवशी तांड्यात बैठक बसली. तांड्याचा प्रमुख, नाईक, म्हणाला, पोलिसात देऊ. कोणी म्हणालं, जंगल खात्यालाही कळवू, वटवाघूळ मारणं गुन्हा आहे. नवरा मान खाली घालून बसला होता. मग याडी बोलली. हात गळ्यात बांधलेला.

"पोलीस येऊन काय करन? माह्या गाईचं दूध काढन का? हिनं माहा हात मोडला. आता हिचा हात माह्या घरी लागला पाह्यजे. माहा जुळेपरत्यंत."

"माफ केलं म्हणता का याडी?" नाईकानं विचारलं.

"माफीचं म्या नाव तरी घेतलं का?"

असं ठरलं. आमच्या शेतातलं सगळं कुटार तिच्या दारात टाकायचं, एक पाट द्यायची, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्या घरी काम करायचं.

पहिल्या दिवशी तिनं मला टोपलं दिलं आणि चिंचांकडं बोट केलं. मेलेली वटवाघळं तशीच पडली होती. मी वेचली. जळालेली, कुत्र्यांनी ओढलेली, तारांवरून गळून पडलेली. पिल्लं तर वांगं भाजल्यासारखी. टोपलं भरलं की खड्ड्यात ओतायचं. दुसऱ्या टोपल्याला मी ओकले. याडी दारात बसून बघत होती. म्हणाली, "झालं? मंग उचल."

आठ दिवस ती एवढंच बोलायची. उचल, ठेव, झाड, पाणी आण. गाईनं मला दोनदा लाथ मारली. भाकरी मी थापायची, ती डाव्या हातानं खायची, आणि मी तिच्यासमोर बसून खाल्लेलं तिला चालायचं नाही. मी घरी जाऊन खायची.

वटवाघळं त्या दुपारनंतर नाहीशी झाली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिसऱ्या चिंचेवर, जी जळली नव्हती, काही येऊन लटकली. मग थोडी आणखी. एका संध्याकाळी मी धार काढून चरवी ठेवली, तेव्हा याडी अंगणात बसून वर बघत होती.

"पाह्य आता," ती म्हणाली. माझ्याशीच बोलते आहे हे कळायला मला वेळ लागला. "एक उठन पहिले. ते गोल फिरन. मंग बाकीचे."

एक उठलं, चिंचेला दोन वेढे मारले, आणि मग बाकीची सुटली.

"माह्या बागेत चालले," मी म्हणाले.

"येड्यावानी नको बोलू. पहिले पाण्यावर जाते."

मी कालव्यापर्यंत मागं गेले. खरंच होतं. इतकी वर्षं तिथं कपडे धुतले, पण मी कधी पाहिलं नव्हतं. ती पाण्यावर खाली यायची, नुसतं पोट पाण्याला टेकवायची आणि पुन्हा वर. मग काठच्या झाडावर लटकून पोटाचे ओले केस चाटायची. असंच ती पाणी पितात.

पुढच्या संध्याकाळी मी विचारलं, "पाण्यावरून कुठं जाते?"

"आता मोह फुलला हाय, तं टेकडीवर. मोह गळून गेला की नाल्यातल्या उंबरावर. चांदणं असलं तं उशिरा उठते, अंधारात लवकर. पोट नाही भरलं तं मंग तुह्याकडं. पह्यले कायले येत होते तुह्याकडं? त्या टेकडीवर लय मोह होते. रस्ता मोठा केला त्यात गेले. दोन-चार राह्यले."

मी एक रात्र बागेत बसून पाहिलं. जाळी मी तोवर कापून काढली होती. ती आली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. हिरव्या फळाला एकानंही तोंड लावलं नाही. पिवळं पडलेलं फळ ती वासानंच शोधत होती. एका झाडावर मोठा नर बसला होता, दुसरा जवळ आला की पंखाच्या आकड्यानं त्याला फटके मारायचा, चावायचा, रक्त निघेपर्यंत. पहिल्यांदा मला वाटलं, हे माझ्यासारखंच आहे. माझं झाड, माझं झाड. पण हरलेला उडून गेला की तो नर खायला लागायचा, विसरून जायचा. मी विसरले नव्हते.

तेव्हापासून रंग फिरलेलं फळ मी दुपारपर्यंत तोडून घेते. त्यानं नुकसान थांबलं नाही, कमी झालं. हे कोणीही सांगू शकलं असतं. मी कोणाला विचारलं नव्हतं.

एकदा धीर करून मी याडीला म्हणाले, "तुमचा लय जीव हाय त्याईच्यावर."

ती हसली. दात पडलेलं तोंड उघडून, पहिल्यांदाच. "कायचा जीव? वास मारते त्याईचा. माह्या टिनावर हागते. रात्रभर गेले की बरं वाटते मले. मी काय त्याईची माय हो का?"

"मंग मले काहून धरलं?"

तिचं हसू गेलं. "तू माह्या दारात आली. माहीच पऱ्हाटी घेतली. माह्या झाडाले लावली. म्या झोपेल होती आतमंधी. इचारलं का तुवा, आत कोणी हाय का?"

मी म्हणाले, "चुकलं माहं."

"हो," ती म्हणाली. "गाईले पाणी दाखव."

दीड महिन्यानं प्लास्टर काढलं. हाड वाकडं जुळलं होतं. तिची मूठ वळत नाही. दोन बोटं उभीच राहतात, गाईचा सड धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता असंच राहणार. बैठकीत ठरलेलं पुरं झालं होतं. हात जुळला होता, कामाचा उरला नव्हता. दुसऱ्या सकाळी मी गेले, तर ती चरवी घेऊन गाईजवळ बसली होती आणि दूध जमिनीवर सांडत होतं. मी चरवी घेतली. तिनं दिली. या गोष्टीला दोन वर्षं झाली, धार अजून मीच काढते.

मी सुधारले असं कोणी समजू नये. मागच्या फाल्गुनात एका सकाळी लाडक्या झाडाची फळांनी लगडलेली फांदी मोडून पडलेली दिसली, आणि वरच्या फांदीवर एक उशीर झालेलं वटवाघूळ लटकलेलं. मी दगड उचलला आणि मारला. नेम चुकला. दुसरा उचलला नाही, एवढंच.

जळालेल्या दोन चिंचांपैकी एक फुटली. दुसरी वाळली. या उन्हाळ्यात याडीचा मुलगा-सून सुट्टीवर आले तेव्हा ती वाळकी चिंच घरावर पडेल म्हणून तोडायचं ठरलं. मशीनवाले आले. करवतीचा आवाज सुरू झाला आणि शेजारच्या चिंचेवरची सगळी वटवाघळं भर दुपारी उठली. पुन्हा तेच आभाळ, तोच कल्ला. मला जागेवरून हलता येईना. मी तारांकडं बघत होते. गाईच्या दाव्याला मी इतकं घट्ट धरलं होतं की तळहात सोलला. वटवाघळं तांड्यावर फिरली, कालव्याकडं गेली, परत फिरली. झाड पडलं, धूळ बसली. मशीन बंद झाल्यावर ती एकेक करून परत आली, फांदीवरून जागेसाठी भांडली, आणि उलटी लटकून गप्प झाली. तारांवर एकही नव्हतं.

याडी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातून दावं काढून घेतलं.

"मेलं का एखादं तारेवर?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग अशी काहून उभी? बस. चाय मांडली सुनेनं."

मी बसले. सुनेनं तीन कप आणले. याडीनं डाव्या हातानं एक माझ्यापुढं सरकवला, आणि लाकडं कुठं रचायची यावरून मुलाशी भांडायला लागली.